नजर आधी कोठे जावी?

स्मरणचित्रासाठी 'बाजाराचे दृश्य' हा विषय मिळाला, की तुम्ही काय करता? भाजीवाली, फुगेवाला, सायकल, झाड, ढग सगळे काढता. रंगही सगळीकडे सारखेच गडद भरता. बोटभर जागा मोकळी राहिली, तर तेथे एक कुत्रा बसवता! चित्र भरगच्च होते. पण पाहणाऱ्याची नजर कोठेच थांबत नाही. वर्गात सगळे एकदम बोलू लागले, तर कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही, तसे हे होते.

माझ्या मते, पेन्सिल हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी. या चित्रात नजर आधी कोठे जावी?

उस्ताद मन्सूर हा जहांगीर बादशहाचा चित्रकार. बादशहाने त्याला 'नादिर-उल-अस्र' हा किताब दिला होता. त्याचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच! १६२१ साली दरबारात एक झेब्रा आणला गेला. त्याचे पट्टे रंगवलेले तर नाहीत ना, अशी लोकांना शंका आली. मन्सूरने त्याचे चित्र काढले. त्यात झेब्रा एकटाच उभा आहे. मागे नुसता फिकट रंग आहे. म्हणून प्रत्येक पट्टा नजरेत भरतो. मन्सूरला झाडे-फुले काढता येत नव्हती, असे नाही. काश्मीरच्या फुलांची त्याने कितीतरी चित्रे काढली होती. येथे त्याने ती मुद्दाम टाळली.

आता तुमचा बाजार घ्या. समजा, गर्दीत चुकलेले एक मूल दाखवायचे आहे. ते लहान असले तरी चालेल. ते अगदी मध्ये नको, जरा बाजूला असावे. भोवती थोडी जागा सोडा. गर्दी फिकट करड्या रंगात ठेवा आणि मुलाचा सदरा तेवढा लाल करा. एखादी बाई त्याच्याकडे पाहत असू द्या. तिच्या नजरेबरोबर आपलीही नजर तिकडे जाते. दूरच्या माणसांना नाक-डोळे काढण्याची गरज नाही.

"मोकळ्या जागेमुळे काम अपुरे दिसते, गुण जातात," असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. जागा भर म्हणण्याऐवजी शिक्षकांनी मुलाला विचारावे, "तुला यात काय दाखवायचे आहे?" नाहीतर मुलाने स्वतः पाहिलेले दृश्य झाडाढगांखाली दडून जाते.

चित्र झाले, की ते हातभर दूर धरा आणि डोळे अर्धवट मिटून पाहा. मुलाआधी ढगच दिसला, तर त्याचा रंग फिका करा.