सकुबाई वाघ कोण होत्या?

एक सोपी परीक्षा घेऊ. जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या एका खुन्याचं नाव सांगा. पुणे जिल्ह्यात वाढला असाल तर ‘जक्कल’ हे उत्तर लगेच येईल. आता मारल्या गेलेल्या दहा माणसांपैकी एकाचं नाव सांगा. आडनाव चालणार नाही, ते खटल्याच्या नावातच आहे.

लोणावळा-पुणे लोकलमधल्या आमच्या रोजच्या ग्रुपला मी हे विचारलं. कामशेतपासून शिवाजीनगरपर्यंत इअरफोन लावून खुनांचे पॉडकास्ट ऐकणारी ही मंडळी. टिळक रोडवरचं अभिनव कला महाविद्यालय, नायलॉनची दोरी, माफीचा साक्षीदार, २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात झालेली फाशी, सगळं पाठ. गेलेल्यांपैकी एकही नाव कुणाला आलं नाही. यात ऐकणाऱ्यांचा दोष थोडा आहे. जास्त दोष गोष्ट सांगणाऱ्यांचा आहे.

म्हणून आधी नावं. प्रकाश हेगडे, जानेवारी १९७६. अच्युत जोशी, त्यांच्या पत्नी उषा आणि मुलगा आनंद, ऑक्टोबर १९७६. काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी इंदिराबाई, नात जाई, नातू धनंजय आणि घरकाम करणाऱ्या सकुबाई वाघ, १ डिसेंबर १९७६. अनिल गोखले, मार्च १९७७.

यातले काशिनाथशास्त्री ८८ वर्षांचे होते. संस्कृत व्याकरणातले मोठे पंडित. त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश १९६१ मध्ये बडोद्याहून निघाला, आणि संस्कृतचे अभ्यासक आजही तो उघडतात. वडील वासुदेवशास्त्रींनी पतंजलीच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं, त्याचा प्रस्तावना खंड मुलानं लिहिला. असा माणूस आपल्या आठवणीत कसा उरलाय? जक्कलनं कुणाला मारलं, या प्रश्नाचं उत्तर म्हणून. ज्यांनी जन्मभर कर्ता आणि कर्म यांचा विचार केला, त्यांना आपण कायमचं कर्म करून टाकलं. कर्ता तो खुनी.

तुम्ही म्हणाल, निदान हा खटला तरी मेलेल्यांच्या नावानं ओळखला जातो ना? खरंय, आणि ते चांगलंच आहे. पण त्या नावात कोण बसलंय ते बघा. दोन कुटुंबं, दोन आडनावं. हेगडे नाहीत. गोखले नाहीत. आणि अभ्यंकरांच्याच घरात, त्याच रात्री, त्याच हातांनी मारल्या गेलेल्या साठ वर्षांच्या सकुबाई वाघ नाहीत.

ही गोष्ट मला जरा जास्त लागते, त्याला कारण आहे. माझी मावशी कार्ल्याहून रोज तुंगार्लीला जाते, दोन बंगल्यांत स्वयंपाक आणि झाडलोट करते. मालक मुंबईचे, शनिवार-रविवारचे. एरवी किल्ली तिच्याकडे. मावळातल्या कितीतरी घरांमध्ये अशी एक तरी बाई आहे. उद्या अशा एखाद्या बंगल्यात काही विपरीत घडलं, तर ते प्रकरण मालकाच्या नावानं ओळखलं जाईल. बातमीत आमची मावशी ‘मोलकरीण’ असेल, आणि मथळ्यात जागा कमी पडली तर ‘अन्य एक’. सकुबाईंचं वय आणि आडनाव नोंदीत आहे. त्या कुठल्या, किती वर्षं त्या घरात होत्या, त्यांच्यावर कोण अवलंबून होतं, हे मी शोधलं. मला सापडलं नाही. जक्कलबद्दल मात्र हवं तेवढं सापडलं.

१९८६ मध्ये या खटल्यावरून मराठी सिनेमा आला, नाव ‘माफीचा साक्षीदार’. फाशी झालेल्यांपैकी मुनव्वर शाहनं तुरुंगात आत्मकथन लिहिलं. ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ज्या मराठी माहितीपटाला शोध-चित्रपटाचा सन्मान मिळाला, त्याचं नाव ‘जक्कल’. माहितीपटाच्या दर्जाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिन्ही वेळा दारावरची पाटी मारणाऱ्यांच्या बाजूचीच आहे.

टोपणनाव आलं की हे आणखी बिघडतं. २०१६ मध्ये वाईत सहा खुनांचा आरोप असलेला माणूस पकडला गेला. माध्यमांनी त्याला ‘डॉक्टर डेथ’ केलं. ज्या ‘डॉक्टर’ शब्दावर भरवसा ठेवून लोक त्याच्याकडे जायचे, तोच शब्द आपण त्याला बक्षीस म्हणून परत दिला, वर सिनेमाच्या पोस्टरवर शोभेल असा अनुप्रास.

२००६-०७ मध्ये मुंबईत चर्चगेट-मरीन लाइन्सच्या परिसरात खून झाले. मृतदेहाजवळ बिअरचा कॅन सापडला म्हणून ‘बिअर मॅन’. एका माणसाला सत्र न्यायालयात शिक्षा झाली आणि २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे त्या नावामागे माणूसच उरला नाही. नाव मात्र अजून फिरतंय. मेलेल्यांपेक्षा एका रिकाम्या डब्याची ओळख जास्त टिकली.

हा धंदा जुना आहे. १८८८ मध्ये लंडनच्या एका वृत्तसंस्थेकडे पत्र आलं, खाली सही ‘जॅक द रिपर’. ते एखाद्या पत्रकारानंच लिहिलं असावं, असं तिथल्या वरिष्ठ पोलिसांनाही वाटत होतं. त्या नावावर आजही पर्यटकांना फिरवून आणतात. मारल्या गेलेल्या पाच बायकांची आयुष्यं नीट लिहिणारं हॅली रुबेनहोल्डचं ‘द फाइव्ह’ हे पुस्तक यायला २०१९ उजाडलं. सव्वाशेहून जास्त वर्षं त्यांना ‘वेश्या’ या एका शब्दात गुंडाळलं होतं. त्यातल्या तिघी तशा होत्या याला पुरावाच नाही, असं रुबेनहोल्ड दाखवते.

यावर नेहमीचं उत्तर येतं: खुन्याचं मन समजून घ्यायला नको का? हवंच. मानसशास्त्रज्ञांनी, पोलिसांनी, गंभीर लेखकांनी ते करावं. पण ‘डॉक्टर डेथ’ म्हटल्यानं कुठलं मन समजलं? टोपणनाव माणसाला समजावत नाही, त्याला पात्र बनवतं. पात्राला चाहते मिळतात, आणि समोरच्या माणसांचा आकडा होतो. ‘दहा खून’ म्हणताना आपण खरं तर त्याचा स्कोअर सांगत असतो.

दुसरं उत्तर असं, की मृतांच्या घरच्यांना विसरायचं असतं, त्यांची नावं कशाला उगाळायची? हे मला पटतं. ज्यांना नको आहे त्यांना सोडा. पण मग रात्री एक वाजता त्यांच्या घरातल्या मृत्यूवर संगीत लावून चाळीस मिनिटांचा भाग काढणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा. गंमत अशी, की नाजूकपणा आपल्याला फक्त मेलेल्याचं नाव घेतानाच आठवतो.

खुन्याचं नाव लपवा असं मी म्हणत नाही. कोर्टाच्या कागदावर आहे तेवढं घ्या: नाव, आडनाव, गुन्हा, शिक्षा. टोपणनाव नको, थंबनेलवर त्याचे रोखलेले डोळे नकोत, ‘मास्टरमाइंड’ नको. कॉलेजातल्या त्या मुलांनी ओळखीच्यांना फसवून आणलं आणि म्हाताऱ्यांना मारलं. यात बुद्धीचं काही नव्हतं.

आणि पुढचा असा भाग कुणी फॉरवर्ड केला तर ऐकायच्या आधी खाली एवढंच विचारा: यात कोण गेलं, आणि ते काय करायचे? बनवणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर बंद करा. आमच्या ग्रुपमध्ये मी हे सुरू केलंय. दोघे वैतागले. एकानं काशिनाथशास्त्रींचा कोश शोधून काढला आणि त्याची लिंक टाकली. सकुबाईंबद्दल अजून कुणालाच काही मिळालेलं नाही. तुमच्या घरात, तुमच्या गावात कुणाला माहीत असेल तर विचारून बघा.