पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचे?

जून महिन्यात आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक प्रवेशाचे फॉर्म भरून घेतो. फूटपाथवर राहणारी एखादी आई पोराचा हात धरून येते. नाव सांगते, जन्मतारीख अंदाजाने सांगते. पत्त्याच्या रकान्यापाशी आमचे पेन थांबते. ती म्हणते, "पूल के नीचे लिख दो, टीचर."

ही बाई रिकामी बसलेली नाही. ती हॉटेलांसाठी लसूण सोलते, नवरा हातगाडी ओढतो. या शहराला त्यांचे हात हवेत, त्यांची झोप नको.

१९८१ च्या ऐन पावसाळ्यात, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, मुंबईतील फूटपाथवासीयांना हुसकावण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायलाही मुभा दिली. सत्ताधाऱ्यांनी निकालाचा हा दुसरा भाग तेवढा पाठ केला.

पुढे पुनर्वसनासाठी तारखा आल्या. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्याआधीपासून राहत असल्याचा पुरावा आणा! महापालिकेची गाडी येते, गाठोडे उचलून नेते, त्यात रेशनकार्डही जाते. मग साहेब विचारतात, कागद कुठे आहे? ज्यांनी कागद नेला त्यांनीच तो मागावा, याला धोरण म्हणायचे काय?

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारायला सांगितले. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे किमान १२४ निवारे. आमच्या चौथीच्या मुलांनाही हा भागाकार येतो.

आणि आम्ही? रमजानमध्ये फूटपाथवर इफ्तारीची पाकिटे वाटतो आणि सुटलो म्हणतो. खैरात एका संध्याकाळची भूक भागवते. हक्काचे छप्पर मागायला मात्र आमची जीभ उचलत नाही.

आमची मागणी साधी आहे. निवारा कामाच्या ठिकाणाजवळ द्या, तिथे आईबाप आणि लेकरे एकत्र राहू द्या. शाळेच्या हजेरीपटावरील नाव वास्तव्याचा पुरावा माना. तोवर आम्ही त्या रकान्यात 'पुलाखाली' असेच लिहू. लाज वाटायचीच असेल, तर ती वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटू दे.