आई-बाबांच्या लसीचा मेसेज कसा लिहाल?

फॅमिली ग्रुपवर ‘लस घ्या, सुरक्षित राहा’ असा फोटो येतो. खाली चार जोडलेले हात पडतात आणि कोणी जागचं हलत नाही. बाळाच्या लसींच्या तारखा आपल्याला तोंडपाठ असतात. पण साठी ओलांडलेल्या बाबांसाठी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस असते, हे कित्येक घरांत माहीतही नसतं.

मी पेरुंगुडीत राहते आणि लिहिणं हेच माझं काम आहे. त्यामुळे 2021 मध्ये कोविड लसीच्या वेळी चेन्नई आणि आसपास जे घडलं, ते मला मेसेज लिहिणाऱ्यांसाठी फार मोलाचं वाटतं. त्यातून एकच गोष्ट कळते: समोरचा माणूस नेमका कशामुळे थांबलाय ते आधी शोधा, मग लिहा.

भीती वाटत असेल तर

15 एप्रिल 2021 ला तमिळ अभिनेते विवेक यांनी चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात सर्वांसमोर लस घेतली. लोकांनी घाबरू नये, हाच त्यांचा हेतू होता. दुसऱ्या दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि 17 तारखेला ते गेले. डॉक्टरांनी लगेच सांगितलं की याचा लसीशी संबंध नाही. पुढे केंद्राच्या समितीचाही तोच निष्कर्ष आला. तरी भीती पसरायची ती पसरलीच.

अशा वेळी ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ म्हणून भागत नाही. आधी भीतीचं नाव घ्या: “काका, ती बातमी वाचून तुम्हाला धास्ती वाटली ना?” मग काय खरं ते सांगा. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, हेही लपवू नका. आधी सांगितलेला त्रास झाला तर माणूस घाबरत नाही. न सांगितलेला झाला तर पुढच्या वेळी तो तुमचं ऐकत नाही.

घाई वाटत नसेल तर

पेरुंगुडीच्या दक्षिणेला, समुद्राकाठी कोवळम नावाचं मच्छीमारांचं गाव आहे (केरळमधलं ते वेगळं). तिथे दोन महिन्यांत फक्त 58 जणांनी लस घेतली होती. मग काही सामाजिक संस्थांनी लस घेणाऱ्यांना बिर्याणी आणि मोबाइल रिचार्ज द्यायला सुरुवात केली. सोडतीत सोन्याचं नाणं, फ्रिज, स्कूटर अशी बक्षिसं ठेवली. तीन दिवसांत 345 जणांनी लस घेतली! ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्यांना ‘आज’ यायला एक कारण मिळालं.

अडचण साधी असेल तर

तमिळनाडूत सप्टेंबर 2021 पासून रविवारी मोठी लसीकरण शिबिरं भरू लागली. पण रविवार म्हणजे मटणाचा दिवस आणि काहींचा दारूचाही. लस घेतल्यावर हे चालत नाही असा समज होता, म्हणून लोक टाळत होते. सरकारनं त्यांना उपदेश केला नाही. ऑक्टोबरमध्ये शिबिरच शनिवारी ठेवलं.

आपल्याकडे औरंगाबादमध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगळी वाट धरली गेली. लस नसेल तर पेट्रोल, गॅस, रेशन नाही, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला. साथीत प्रशासनाला धाक दाखवता येतो. घरात मात्र धाकानं आई-बाबा हट्टालाच पेटतात, हे आपण सगळेच जाणतो!

आता तुमचा मेसेज

“आई, लस घे, खूप गरजेची आहे” असं लिहिण्यापेक्षा हे पाहा:

“आई, तुला शुगर आहे, म्हणून न्यूमोनियाच्या लसीचं डॉक्टरांना विचारू या. शनिवारी 11 ची वेळ घेतलीय, दादा गाडी घेऊन येईल. नंतर हात थोडा दुखेल, तेव्हा रविवारचं जेवण बाहेरून मागवू.”

यात कारण तिचं आहे, दिवस ठरलेला आहे, सोबत आहे आणि त्रासही खरा सांगितलाय. कोणाला कोणती लस, कधी, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या. जुने आजार आणि चालू औषधं त्यांना नक्की सांगा.

आणखी एक गोष्ट. 1897 मध्ये मुंबईत प्लेग पसरला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी आपली नवी लस 10 जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि ती तरुणांनाही घेता येते. बाबांना मेसेज पाठवण्याआधी स्वतःसाठीही डॉक्टरांना विचारा. “मी घेतली, आता तुमची पाळी” हे वाक्य कोणत्याही फॉरवर्डपेक्षा जास्त काम करेल.