दोष स्टारचा नव्हे



वीजबचतीच्या नियमांनी घरगुती उपकरणांची पार वाट लावली, हा गेल्या अंकातल्या पत्राचा सूर पटला नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोचं ('बीईई') स्टार लेबल उपकरण किती वीज खातं ते सांगतं. किती वर्षं टिकेल याबद्दल त्यात चकार शब्द नसतो.

छताच्या पंख्याचंच घ्या. 2023 पासून त्याला लेबल सक्तीचं झालं. साधा पंखा साधारण 75 वॅट घेतो, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. रोज 12 तास चालवला तर महिन्याला 16 युनिट वाचतात.

तक्रारीत तथ्य आहे, पण ते दुसरीकडे. जुना पंखा मंदावला की नाक्यावरचा वायरमन कंडेन्सर बदलायचा, घरघरला की बेअरिंग. नव्याचा सर्किट बोर्ड उडाला की अख्खा बोर्ड बदला, आणि कंपनीकडून तो येईपर्यंत घामाघूम बसा. विजेचा दाब खालीवर होणार हे ठाऊक असूनही बोर्डाच्या संरक्षणात काटकसर कोण करतं? एसीत तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची कॉइल घाला, असं कुठला नियम सांगतो?

बाकी, पत्रलेखकांनी सांगितलेला त्यांचा पंचवीस वर्षं चाललेला फ्रिज खराच असेल. त्याच्याबरोबरचे जे केव्हाच भंगारात गेले, त्यांच्याविषयी कोणी पत्र लिहीत नाही, इतकंच!

फ्रान्समध्ये 2021 मध्ये टीव्ही, वॉशिंग मशीनसारख्या वस्तूंसोबत दुरुस्ती किती सोपी याचे गुण दाखवणं सक्तीचं झालं. आपल्याकडे स्टारशेजारी तेवढी जागा सहज निघेल.

– एक वाचक, रत्नागिरी