माझ्यासाठी वेगळं काही करू नका

श्रावण लागला की आमच्या नातेवाइकांचा फोनवरचा पहिला प्रश्न "कधी येतेस?" हा असतो आणि दुसरा "तुला काय करायचं गं मग?" हा. विचारतात ते प्रेमापोटी, हे मला पक्कं माहीत आहे. पण गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हळूहळू बदलत गेलंय, आणि ते फोनवर दोन मिनिटांत सांगता येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक गैरसमज दूर करते. "तिला थायरॉईड आहे म्हणून ती पोळी खात नाही" असं आमच्याकडे समीकरण होऊन बसलंय. तसं नाहीये. मला दोन वेगळे आजार आहेत. एक हाशिमोटो. यात शरीराची संरक्षणयंत्रणा थायरॉईड ग्रंथीलाच शत्रू समजते आणि हळूहळू पोखरत जाते. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली चार बायकांच्या थायरॉईड ग्रंथी तपासून त्यावर लिहिलं, म्हणून त्यांचं नाव. (आजाराच्या रूपाने अमर व्हायला कुणाला आवडेल, देव जाणे!) दुसरा सिलिअ‍ॅक. त्यात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. दोन्ही एकाच कुळातले, त्यामुळे एक असेल त्याला दुसरा असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. पण थायरॉईडवाल्या बहुतेकांना सिलिअ‍ॅक नसतो, आणि तो नसेल तर गहू सोडून थायरॉईड बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही येवो. तेव्हा काकू, माझं बघून पोळी सोडू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्ताची टीटीजी तपासणी करा, आणि ती गहू खात असतानाच करा. काही महिने गहू बंद ठेवून मग गेलं, की रक्तात काही दिसेनासं होतं आणि निदान लटकतं.

"पूर्वी नव्हतं बाई असलं काही" हेही ऐकते. होतं. पोरं खंगायची, जायची. कारण कळायचं नाही. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ साली, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. देश उपाशी होता आणि त्यांची ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. इतकी जुनी गोष्ट आहे ही, कालचं फॅड नव्हे.

आता 'चवीपुरतं तरी घे' याबद्दल. एका मध्यम पोळीत दोन ग्रॅमच्या वर ग्लूटेन असतं. सिलिअ‍ॅकवाल्याने रोज ५० मिलिग्रॅम जरी काही महिने खाल्लं तरी आतड्याला इजा होऊ शकते. म्हणजे पोळीचा चाळिसावा भाग, नखाएवढा तुकडा. आपल्याकडे पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. हे आकडे कळले की चवीपुरतं हा शब्द किती निरागस वाटतो आणि किती नसतो ते कळेल. शिवाय आतड्याचं अस्तर बिघडलं की थायरॉईडची गोळीही नीट शोषली जात नाही. मग टीएसएच वर जातो, डोस वाढतो, आणि सगळे म्हणतात, "गोळी वेळेवर घेत नसेल."

गोळीचंही वेळापत्रक आहेच. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून चार तास लांब. आणि सिलिअ‍ॅकमध्ये लोह आणि कॅल्शियम नेमके कमी पडतात, म्हणजे त्याही गोळ्या आल्याच! एरवी हे सगळं जमतं. पण मी हिशेबाच्या खात्यात काम करते, आणि मार्च एंडला रात्री नऊला ऑफिसमधून निघायचं, साडेदहाला घरी पोचायचं, पुन्हा सकाळी सातला बाहेर, यात हे सगळं बसवायचं म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल आखल्यासारखं आहे. गौरी-गणपतीत तेच, दिवाळीत तेच, घरात लग्न असलं की तेच. ऑफिसमध्ये सगळ्यांसाठी काही मागवतात तेव्हा नूडल्स येतात (सोया सॉसमध्ये गहू), सँडविच येतात, फार तर भेळ येते आणि तिच्यात पुऱ्या. पोहे आले की मी मनातल्या मनात नमस्कार करते, आणि मग वरची शेव कुठल्या तेलातली आणि फोडणीतला हिंग कुठला, हे विचारायचा धीर गोळा करते.

हिंगाचं बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. बाजारातल्या डबीतला हिंग हा निव्वळ हिंग नसतोच. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैद्याचं. म्हणजे वरणभात, जगातला सर्वात निरुपद्रवी पदार्थ, तोसुद्धा फोडणीपाशी घसरतो. गोड्या मसाल्यात हिंग, पापडात हिंग. मेतकुटात तर गहूच. थालिपिठाच्या भाजणीत घराघराप्रमाणे. उकडीच्या मोदकाची पारी फाटू नये म्हणून कुणी कुणी चमचाभर मैदा घालतात, आणि विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, कारण ते त्यांचं गुपित असतं.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. घाईच्या दिवसांत पथ्य मोडतं, याचं खापर लोक जिभेवर फोडतात. मला ते पटत नाही. माझा अनुभव असा की पथ्य मोडतं ते दुसऱ्या शेगडीपाशी. आपल्याकडची पद्धत बघा. घरातल्या बाईला पथ्य असलं तर ती सकाळी उठून सगळ्यांच्या पोळ्या करते, डबे भरते, आणि मग वेळ उरला तर स्वतःसाठी वेगळी भाकरी थापते. मार्चमध्ये तो वेळ उरत नाही. गणपतीत वीस माणसं जेवायची असली की तो प्रश्नच येत नाही. दोन स्वयंपाक असतील तर घाईत एक बंद पडणार, आणि बंद पडणार तो एकटीचाच. मग ती ताकभात खाते, किंवा केळं, किंवा "राहू दे, भूक नाही" म्हणते. यातलं शेवटचं सर्वात वाईट.

म्हणून मी उलटं केलं. आमच्या घरचं ताट बदललं. सणावारी आणि कामाच्या दिवसांत घरात शिजतं ते सगळ्यांना चालेल असं, म्हणजे बिनगव्हाचं. ज्याला पोळी हवी त्याच्यासाठी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून ती येते आणि वेगळ्या डब्यात राहते. म्हणजे जादा काम गव्हाचं झालं, माझं नव्हे! सुरुवातीला मुलांनी तोंडं वाकडी केली, ती आता ज्वारीची भाकरी आणि पिठलं मागून खातात. नवऱ्याला पोळीची सवय जड गेली, पण आणायला तोच जातो, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

आणि खरं सांगू, यासाठी परदेशी काही लागतच नाही. भात, आंबोळी, घावन, मुगाचं धिरडं, तांदळाची उकड, कुळथाचं पिठलं, नाचणीचं आंबील. सण घ्या: उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, चकली. कोकणात गौरीला घावन-घाटलं करतात, ते अख्खं माझं. पुरणपोळीचं पुरण मी वाटीत घेऊन वर तूप ओतून खाते, आणि पोळी खाणारे माझ्या वाटीकडे बघत राहतात. आषाढीला तर साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, जिऱ्याची फोडणी... त्या दिवशी अख्खं घर माझ्या पंगतीला बसतं. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं तेव्हापासून मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं चकचकीत पाकिटात मिळायला लागली. छान आहेत, पण खिशाला परवडत नाहीत, आणि पोट तर अजिबात भरत नाही.

(बाजरी थायरॉईडला वाईट, असं कुणीतरी सांगणारच. बाजरीत थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारी काही द्रव्यं सापडली आहेत हे खरं. पण तो त्रास मुख्यतः जिथे जेवण म्हणजे बाजरीच आणि आहारात आयोडीन कमी, अशा ठिकाणचा. आयोडीनयुक्त मीठ आणि आलटून-पालटून धान्यं खाणाऱ्या घरात मी तरी थंडीतली बाजरीची भाकरी सोडणार नाही.)

कष्ट आहेत, ते नाकारत नाही. गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा येतो तेच ग्लूटेन. त्याच्यामुळे पोळी लाटता येते आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहते. ज्वारीला तो नाही. म्हणून गरम पाण्यात मळायचं, हाताने थापायचं, आणि डब्यातली भाकरी दुपारी कडक होणार हे गृहीत धरायचं. दुसरं दुखणं गिरणीचं. गिरणीत आपल्या आधी कुणाचा गहू दळला असेल तर आपल्या ज्वारीत तो आलाच. यावर आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा जाऊ देत नाही. ते दळण टाकणं, चाळणं आणि डबे भरणं हे रविवारचं काम मी मुद्दाम माझ्या नावावर ठेवलेलं नाही. आजार माझा असला तरी पीठ घराचं आहे.

तर नातेवाईक मंडळी, फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर: माझ्यासाठी वेगळं काही करू नका. वेगळं केलं की तुमची दमछाक, मला संकोच, आणि गर्दीत ते वेगळं भांडं कुणीतरी पुरीच्या झाऱ्याने ढवळणार. त्यापेक्षा जे सगळ्यांसाठी करताय त्यातलं एक वरण, एक भाजी आणि भात असा करा की त्यात गव्हाचं काही जाणार नाही. कुरडया-पुऱ्या तळायच्या आधी भजी तळा. काय घातलंय ते विचारलं तर रागावू नका, मी तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नसते.

मार्गशीर्षात ताईच्या लेकीचं लग्न आहे. आचाऱ्यांशी बोलायला मी स्वतः येते, म्हणजे निरोपात काही गळायला नको. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलबीऐवजी श्रीखंड इतकं ठरलं तरी पुष्कळ आहे. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, त्याची मोठी डबी मी घेऊन ठेवली आहे. तेवढी एक फोडणीजवळ ठेवा आणि त्यांची डबी उचलून कपाटात टाका.