वेदीचे गाणे तिकिटावर

पालेस्त्रिनाची ‘मिस्सा पापे मार्चेली’ ही रचना १५६७ साली छापली गेली. ती मिस्साबलिदानासाठी होती; टाळ्यांसाठी नव्हे. आज ती ऐकण्यास युरोपातही बऱ्याचदा तिकीट काढून सभागृहात जावे लागते. १९७३ साली स्थापन झालेल्या ‘टॅलिस स्कॉलर्स’सारख्या गायकवृंदांनी हा ठेवा जगापुढे मांडला, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण वारसदारांचे काय? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान दिले, बहुस्वरी गायनालाही दार उघडे ठेवले. लोकभाषेचे स्वागत करताना ते दार आपणच लावून घेतले! ‘लोकांना कळत नाही’ ही सबब आम्हांस मान्य नाही. जे ऐकवलेच नाही, ते कळणार कसे? प्रत्येक धर्मग्रामाच्या गायकवृंदाने वर्षाकाठी एक तरी ‘किरिये’ शिकावे, एवढेच आमचे मागणे आहे.