बुरखा आणि मतपेटी

मद्रासच्या अड्यार भागात १८९४ साली ‘पंचम’ म्हणून हिणवल्या गेलेल्या अस्पृश्य मुलांसाठी एक मोफत शाळा निघाली. ती काढणारे थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष कर्नल हेन्री ऑल्कॉट अमेरिकन होते. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राऊनला १८५९ मध्ये फाशी देण्यात आली, तेव्हा ते वार्ताहर म्हणून तेथे हजर होते. यादवी युद्धात ते उत्तरेच्या बाजूने होते. अड्यारला शाळेचे दार उघडत असताना त्यांच्या मायदेशी मात्र काळ्या नागरिकांसाठी मतदानाचे दार बंद होत होते. हे कसे घडले?

बुरखेधारी माथेफिरूंनी हे घडवले, असे उत्तर नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे, आणि सोयीचेही. १८६५ मध्ये टेनेसीत जन्मलेल्या कू क्लक्स क्लॅनचा म्होरक्या नेथन बेडफर्ड फॉरेस्ट १८६८ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसला होता. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. त्यानंतर चारच वर्षांनी रिपब्लिकन पक्षाने वादग्रस्त अध्यक्षपद पदरात पाडून घेतले आणि दक्षिणेतील काळ्या जनतेचे संरक्षण करणारे सैन्य मागे घेतले. एका पक्षाने दहशत पोसली. दुसऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

या दहशतीचा वर्गीय हेतू विल्मिंग्टनला उघडा पडला. नॉर्थ कॅरोलिनात पॉप्युलिस्ट पक्षातील गोरे शेतकरी आणि रिपब्लिकन पक्षातील काळे मतदार एकत्र आले. १८९४ मध्ये त्यांनी विधिमंडळ जिंकले व व्याजाच्या दरावर मर्यादा घातली. गोऱ्या-काळ्या गरिबांची ही एकजूट धनिकांना मानवणे शक्यच नव्हते. डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांनी गौरवर्णीय वर्चस्वाची मोहीम उघडली व लाल सदरे घातलेल्या सशस्त्र टोळ्या रस्त्यावर उतरल्या. १० नोव्हेंबर १८९८ रोजी विल्मिंग्टनमध्ये काळ्यांचे वृत्तपत्र जाळण्यात आले, अनेकांची कत्तल झाली, निवडून आलेल्या नगरशासनाला बंदुकीच्या धाकाने राजीनामा द्यावा लागला आणि जमावाचा नेता महापौर झाला. पुढे १९०० मध्ये साक्षरतेची अट व मतदान-कर राज्यघटनेतच घातले गेले. टोळीने जे बळाने मिळवले, ते पक्षाने कायद्याने पक्के केले. दक्षिणेत अशा करांनी पुढे गरीब गोऱ्यांचेही मत हिरावले, हे विसरता कामा नये.

क्लॅनला पक्षाचे सोवळेओवळे नव्हते. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनात क्लॅनचा नाव घेऊन निषेध करणारा ठराव निसटत्या मतांनी पडला. त्याच वर्षी इंडियानात क्लॅनच्या पाठिंब्यावर रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला. १९६४ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली, तेव्हा वंशभेदाचे कट्टर समर्थक सिनेटर स्ट्रॉम थर्मंड रिपब्लिकन पक्षात दाखल झाले. निक्सन यांनी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ या सभ्य शब्दांत दक्षिणेतील गोऱ्यांची नाराजी मतांत रूपांतरित केली. या नीतीबद्दल रिपब्लिकन पक्षाध्यक्षांनी २००५ मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त केली. परंतु २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलच्या रस्त्यांवर मशाली घेऊन निघालेल्यांना बुरख्याचीही गरज वाटली नाही.

सभ्य शब्दांची ही किमया अड्यारलाही अपरिचित नाही. ऑल्कॉट यांच्यानंतर सोसायटीच्या अध्यक्ष झालेल्या अॅनी बेझंट यांनी १९०९ मध्ये लिहिले की, अस्पृश्यांची मुले स्वच्छता व शिष्टाचार शिकेपर्यंत त्यांना वरिष्ठ जातींच्या मुलांबरोबर बसवू नये. त्याच बेझंट १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. डॉ. आंबेडकरांनी पुढे त्यांचा तो लेख काँग्रेसवरील आपल्या ग्रंथात उद्धृत केला, तो उगाच नव्हे. विल्मिंग्टनची कत्तल आणि हा उपदेश एकाच मापाचे नव्हेत. पण वर्चस्व जेव्हा स्वच्छतेची किंवा सुव्यवस्थेची भाषा बोलू लागते, तेव्हा पक्षांना ते जवळ करणे सोपे जाते.

म्हणून पक्षाची परीक्षा त्याच्या निषेधाच्या ठरावांवरून करू नये. टोळीने फोडलेली दारे पुढे कोणत्या कायद्याने बंद झाली, आणि गरिबांची फुटलेली एकजूट कोणाच्या पथ्यावर पडली, हे विचारावे. हा प्रश्न जितका विल्मिंग्टनला लागू आहे, तितकाच आपल्या गावालाही.